कडक इस्त्रीचा गडी

बुद्धभूषण मेश्राम रोज सकाळी ऑफिसला जाता जाता अमेरिकन पोलीस व्हायचा. गाडी वेन्डेलची आणि चालवायचाही तोच. शेजारच्या सीटवर बुद्धभूषण मांडीवर संवादांचे कागद पसरून बसायचा आणि टोरोंटोजवळचं व्हिटबी गाव मागे पडून हायवे लागला की ओरडायचा, "फ्रीझ! हँड्स अप!" वेन्डेलचे दोन्ही हात स्टीअरिंगवर. तो तसाच समोर बघत आपली वाक्यं म्हणायचा आणि पुढच्या एक्झिटच्या आत गोळी खाऊन मरायचा. नागपूरच्या माणसाने न्यूयॉर्कचा पोलीस केल्यावर जे व्हायचं ते व्हायचंच. कधीकधी मेलेला माणूसच फिस्सकन हसायचा.

दोघंही एका वीज कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात इंजिनियर. वेन्डेल काळा, ताडमाड उंच, पन्नाशीकडे झुकलेला. रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. बोलणं इतकं मऊ की मीटिंगमध्ये लोक पुढे वाकून ऐकायचे. त्याच्या घराण्याला कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात दोनशे वर्षं होऊन गेली होती, तरी काल आलेली माणसंसुद्धा त्याला विचारायची, "पण मूळचा कुठला तू?" तो हसून म्हणायचा, "हॅलिफॅक्सच्या अलीकडचा." बुद्धभूषणचं नाव मात्र त्याने आठवडाभर घोकून घोकून पाठ केलं होतं आणि ते तो पूर्ण घ्यायचा. महाराष्ट्र मंडळातली आपली माणसं 'भूषण' म्हणून मोकळी व्हायची. नावाचा पहिला अर्धा भाग त्यांना जड जायचा की काय, कुणास ठाऊक.

वेन्डेलला सिनेमाचा नाद. टोरोंटोत अमेरिकन सिनेमांची शूटिंगं चालायची, कारण इथे स्वस्तात अमेरिका उभी करता यायची. कोपऱ्यावरची लाल टपालपेटी झाकून तिथे अमेरिकेतली निळी ठेवायची, खिडकीत अमेरिकेचा झेंडा टांगायचा, धुतल्यासारख्या गल्लीत कचऱ्याच्या पिशव्या आणून फोडायच्या. मग त्या कचऱ्यात वेन्डेलला उभं करायचं. सुट्टीचे दिवस साठवून तो ही कामं करायचा. गुंड, कैदी, क्लबच्या दारावरचा दांडगा. सिनेमा संपल्यावर नावं सरकतात त्यात त्याच्या पात्राला नाव नसायचं, नंबर असायचा. पडद्यावर त्याचं कधी लग्न झालं नाही, पोरं झाली नाहीत, त्याला राहायला घर मिळालं नाही. तो आला की लोकांनी घाबरायचं आणि तो मेला की हुश्श करायचं, एवढंच त्याचं काम.

"आमच्या माणसाला तिकडे तीनच जागा," तो एकदा कॉफी पिताना म्हणाला. "घाबरवणारा, हसवणारा, आणि गोऱ्या हिरोला शहाणपण शिकवून मरणारा. मला हसवता येत नाही आणि शहाणपणासाठी केस अजून पुरेसे पिकले नाहीत. उरलं काय?"

त्याची म्हातारी आई गावी सिनेमाची डीव्हीडी लावायची. मुलगा दिसला की खुश व्हायची आणि त्याला गोळी लागायच्या आत यंत्र बंद करायची. शेजारणींना सांगायची, शेवट काय झाला ते मला ठाऊक नाही, पण माझा मुलगा छान दिसत होता.

बुद्धभूषणला हे ऐकून तिडीक यायची. एका शूटिंगला घरचेच कपडे घालून या म्हणाले. वेन्डेलने आईच्या वळणाप्रमाणे स्वच्छ शर्ट इस्त्री करून नेला. कपडेपटातल्या बाईने तो बघितला, "सो स्वीट" म्हणाली आणि मूठभर धूळ घेऊन त्याच्या छातीवर चोळली. "तू नाही का म्हणत नाहीस?" बुद्धभूषण चिडून म्हणाला. "आमच्याकडे असं कुणी केलं असतं ना, तर आम्ही मोर्चा काढला असता!"

वेन्डेल शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

बुद्धभूषणने विषय बदलला. कारण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण त्याला ठाऊक होती आणि तिचा पुढचा अर्धा भागही.

झालं होतं असं की, कॅनडात आला त्या पहिल्या हिवाळ्यात बुद्धभूषण, त्याची बायको दीपा आणि दोन सुटकेसा चारुदत्तच्या बेसमेंटमध्ये राहिल्या. चारुदत्त पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, मंडळाचा नाटकवेडा दिग्दर्शक. मनाने मोठा माणूस, हे कुणीही मान्य करील. स्वतःचं विंटर जॅकेट त्याने बुद्धभूषणला दिलं, ड्रायव्हिंग शिकवलं, भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. "आम्ही जातबित काही मानत नाही हं," हे त्याने कुणी न विचारताच सांगितलं होतं. त्या वर्षीच्या नाटकात गड्याचं काम करायला कुणी नव्हतं. एका संध्याकाळी मंडळाची माणसं जेवायला जमली होती; जेवणानंतर बुद्धभूषण गंमत म्हणून उठला, खांद्यावर किचनचा नॅपकिन टाकला, कमरेत वाकला आणि वऱ्हाडी हेल काढून म्हणाला, "हाव जी साहेब, आनतो जी!" बेसमेंट हसून हसून खाली बसलं. परक्या देशात पहिल्यांदा इतकी माणसं आपल्याकडे बघून आनंदली, हे त्याला किती गोड वाटलं ते त्याचं त्यालाच माहीत. तेव्हापासून नाटक कुठलंही असो, त्यात एक गडी घुसडला जायचा आणि तो बुद्धभूषण असायचा. मुंगी होऊन साखर खायला जावं आणि पाय पाकात अडकावेत, तशी त्याची गत झाली.

दीपा एकदाच नाटक बघायला आली होती. घरी येऊन कोट काढायच्या आधी म्हणाली, "अहो, तुम्ही मामाजींची नक्कल करून राह्यले तिथे. लोक मामाजींवर हसत होते." त्यानंतर ती मंडळात गेली नाही. आंबेडकर असोसिएशनच्या कामात तिने स्वतःला गाडून घेतलं.

मामाजी म्हणजे शंकरराव. बुद्धभूषणचे वडील. नागपूरच्या कोर्टात पट्टेवाला होते, जजसाहेबांच्या बंगल्यावरही त्यांची ड्यूटी असायची. जन्म सगळा 'जी साहेब' म्हणण्यात गेला, पण माणूस वाकला नाही. डगल्याला रोज कडक इस्त्री, पट्ट्यावरचा पितळी बिल्ला चिंचेने घासून लखलखीत. ट्रे घेऊन आत जायचे तेव्हा पाठ अशी ताठ की बाहेरचा माणूस क्षणभर त्यांनाच साहेब समजायचा. त्या पाठीच्या जोरावर त्यांनी मुलगा इंजिनियर केला. दीपाचं म्हणणं अर्धं खरं होतं. बोली वडिलांची होती, पण वाक तेवढा बुद्धभूषणने पदरचा घातला होता.

आणि २०१०च्या वसंतात शंकरराव कॅनडाला यायला निघाले. बाबासाहेबांची जयंती तिकडे कशी करतात ते त्यांना बघायचं होतं. फोनवर म्हणाले, "आन् तुह्यं नाटकही पाहीन म्हणतो मी. तू काय असतो रे त्याच्यात?"

बुद्धभूषणच्या तोंडून गेलं, "मोठं काम आहे, बाबा."

"जजचं काय?" म्हातारा आपल्याच विनोदावर हसला.

"हो," मुलगा म्हणाला.

बोलून बसला. त्या वर्षीच्या नाटकात खरोखरच एक न्यायाधीश होता, रिटायर्ड, एकटा, करारी. सगळं नाटक त्याच्याभोवती. बुद्धभूषणने ठरवलं, हे काम मागायचंच. ज्याने आयुष्यभर जजला चहा दिला, त्या बापाने एकदा तरी मुलाला त्या खुर्चीत बसलेलं बघावं. निदान त्याने आपल्याला वाकलेलं तरी बघू नये.

तो चारुदत्तच्या घरी गेला. त्याच बेसमेंटमध्ये, त्याच सोफ्यावर बसला.

"भूषण, तू जज?" चारुदत्त प्रेमाने म्हणाला. "अरे, मग गडी कोण करणार? ऑडियन्स तुझ्यासाठी तिकीट काढतं, आय ॲम नॉट जोकिंग. आणि जजचं मराठी वेगळं असतं रे. तुझ्या बोलण्याला मातीचा वास आहे, इट्स ॲन ॲसेट!"

"नागपूरचा जज नागपूरसारखाच बोलतो ना, चारुदत्त."

चारुदत्तने टाळी दिली. "हे बघ! हे असं टायमिंग कुणाकडे आहे सांग! जज उन्मेष करतोय, त्याला ऑलरेडी सांगितलंय मी."

"माझे वडील येतायत बघायला."

"मग तर धमालच कर! काकांना हसवून हसवून रडव."

ज्याचं जॅकेट अंगात घालून पहिला हिवाळा काढला, त्याच्यावर आवाज कसा चढवायचा? आणि खरं बोलला असता तर लोक म्हणाले असते, बघा, आम्ही इतकं घरचं मानलं आणि हा जात घेऊन आला. चूप बसावं तर गडी, बोलावं तर कृतघ्न. बुद्धभूषणने चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि घरी आला.

त्याच आठवड्यात वेन्डेलला एक ऑडिशन आली. सर्जनचं काम. नाव असलेला, टाय बांधणारा, कुणाला तरी वाचवणारा माणूस. त्या दिवसांत गाडीत पोलीस नव्हता. बुद्धभूषण पेशंटची बायको व्हायचा आणि वेन्डेल त्याला धीर द्यायचा, "तुमचा नवरा जगेल. मी शब्द देतो." त्या मऊ आवाजात ते वाक्य असं यायचं की बुद्धभूषणला एकदा खरोखर हुंदका आला. वेन्डेलने आईलाही फोन करून सांगितलं, या वेळी शेवटपर्यंत बघ.

सोमवारी बुद्धभूषण गाडीत बसला तेव्हा कागद नव्हते. सर्जन कुणी दुसरा झाला होता. वेन्डेलचा आवाज फार सौम्य आहे, लोकांना खरा वाटणार नाही, असं म्हणाले. त्याच सिनेमात दुसरं काम मात्र दिलं. गोळी लागलेला गुंड, जो त्या सर्जनच्या टेबलावर मरतो.

"आणि तू घेतलंस?"

"घेतलं."

"लाज नाही वाटत?" बुद्धभूषण ओरडला. हायवे, ऑफिस, वर्षानुवर्षांची मैत्री, कशाचंच भान उरलं नाही त्याला. "तुमच्यासारखे लोक हो म्हणतात म्हणून ते विचारतात! एकदा नाही म्हण! उठून चालता हो!"

वेन्डेलने गाडीचा वेग थोडा कमी केला. मग म्हणाला, "मी नाही म्हटलं की ते माझ्याच उंचीचा दुसरा उभा करतील. सिनेमा तोच राहील, फक्त मी त्यात नसेन. मला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आवडतं, बुद्धभूषण. त्यांनी दुसरं दार ठेवलेलं नाही, म्हणून मी याच दाराने आत जातो. तू काही चुकीचं बोलत नाहीस. पण तू माझ्यावर का ओरडतोयस?"

तेव्हा बुद्धभूषणने त्याला सगळं सांगितलं. नाटक, गडी, बेसमेंट, फोनवरची थाप, येणारे वडील. अगदी कमरेत कसं वाकतो तेही सीट बेल्टमध्ये बसल्या बसल्या करून दाखवलं. वेन्डेल हसला नाही. "मी येऊ का बघायला?" एवढंच त्याने विचारलं.

शंकरराव आले. सोबत संत्रा बर्फीचे डबे, डोक्याला मफलर, आणि घरातली प्रत्येक वस्तू पुसून ठेवायची सवय. आल्यापासून रोज विचारत, "जजचा कोट कुठं हाय तुह्या?" बुद्धभूषण म्हणे, तो तिकडेच मिळतो. नाटकाच्या आदल्या दिवशी तो ऑफिसातून आला तर वडील इस्त्रीपाशी उभे. दारामागच्या पिशवीतले गड्याचे कपडे त्यांनी बाहेर काढले होते. फाटक्या बाहीला टाका घातलेला, सदऱ्याची घडी सुरीसारखी.

"हे कोनाचं?"

"नाटकातल्या गड्याचं, बाबा."

"कोनाचं का असेना. स्टेजवर असं चुरगळलेलं जाऊ नये मानसानं. साहेबाच्या घरचा गडी हाय ना तो?" त्यांनी बाहीवर पाणी शिंपडून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली. "मी एक दिवस नाई गेलो असा बंगल्यावर."

दीपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. सांगायची ती वेळ होती. बुद्धभूषणने सदरा घेऊन हँगरला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या एका शाळेचं ऑडिटोरियम भरलं. तिसऱ्या रांगेत दीपा, तिच्याशेजारी शंकरराव आणि त्यांच्या पलीकडे वेन्डेल. विंगेत चारुदत्तने बुद्धभूषणला बघून कपाळाला हात लावला. "अरे, हा काय मंत्र्याचा पीए आहे का? चुरगाळ तो शर्ट!" आणि त्याने स्वतःच पुढे होऊन सदऱ्याची कॉलर मुठीत धरली.

बुद्धभूषणने त्याचा हात बाजूला केला. रागाने नाही, पण केला. "असू दे," तो म्हणाला. चारुदत्त काही बोलायच्या आत पडदा उघडला होता.

तो ट्रे घेऊन आत गेला तो ताठ. ठरवून आला नव्हता. सदरा अंगावर चढला आणि पाठ आपोआप तशी झाली. सोफ्याला अडखळायचं होतं, अडखळला नाही. टॉवेलने नाक पुसायचं होतं, टॉवेल त्याने घडी करून हातावर ठेवला. कप आवाज न करता टेबलावर ठेवला, पाऊलभर मागे सरकला आणि वडील जसे बंगल्यात उभे राहत तसा उभा राहिला. न्यायाधीश झालेला उन्मेष गोंधळून बघत राहिला. मग बुद्धभूषणने आपलं वाक्य म्हटलं, हेल न काढता, शंकरराव म्हणत तसंच.

"साहेब, तुमी सकाळपासून जेवले नाई. मी गरम करून आनतो जी."

सभागृह एकदम गप्प झालं. ज्याला मुलगा सोडून गेलाय असा म्हातारा जज आणि त्याची भूक ओळखणारा एकच माणूस, एवढंच स्टेजवर होतं. झालं, बुद्धभूषणला वाटलं, दिसलं यांना.

मग मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. त्याच्या शेजारचा हसला. आणि धरण फुटावं तसं सगळं सभागृह हसायला लागलं. ताठ पाठ, कडक इस्त्री, गंभीर चेहरा, आणि त्यातून ते 'आनतो जी'! लोकांनी पोटं धरली. तो जितका सरळ उभा राहिला तितके ते जास्त हसले. ते हसण्यासाठीच आले होते. तो काय करतोय हे बघायची त्यांना गरजच नव्हती. दिव्यांच्या झोतातून त्याला तिसरी रांग अंधुक दिसली. तिथे तीन माणसं हसत नव्हती.

नाटक संपल्यावर लॉबीत समोसे आणि चहा होता. चारुदत्तने सगळ्यांसमोर बुद्धभूषणला मिठी मारली. "जिंकलंस रे! आधी मला वाटलं, तू माझं नाटक पाडतोस. पण काय डेडपॅन, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही! आता दरवर्षी याला असाच कडक इस्त्रीत उभा करायचा, ठरलं!" आणि मग शंकररावांकडे वळून तो वाकला, अगदी मनापासून वाकून त्यांचे हात हातात घेतले. "काका, तुमचा मुलगा म्हणजे आमचा हुकमाचा एक्का. गड्याचं काम करावं तर यानेच. खरं की नाही?"

भोवती माणसं जमली होती. शंकररावांनी मुलाकडे बघितलं. मुलाची नजर जमिनीला. मग त्यांनी पाठ सरळ केली आणि चाळीस वर्षं ज्या आवाजात म्हटलं त्याच आवाजात म्हणाले,

"हाव जी साहेब."

लॉबीत हशा फुटला. टाळ्या पडल्या. "वा काका! डिट्टो!" कुणीतरी ओरडलं. "ॲक्टिंग घराण्यातच आहे म्हणा की! काका, वन्स मोअर!" शंकरराव क्षणभर गोंधळले. आपण काय विनोद केला ते त्यांना कळेना. पण सगळे साहेब लोक हसतायत म्हटल्यावर तेही हसले.

परतताना वेन्डेल गाडी चालवत होता, बुद्धभूषण शेजारी, मागे दीपा आणि शंकरराव. संध्याकाळचं पिवळं ऊन बर्फाच्या उरल्यासुरल्या ढिगांवर पडलं होतं. मग मागून शंकरराव म्हणाले, "इस्तरी चांगली बसली होती रे. शेवटपर्यंत मोडली नाई." आणि खिडकीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

वेन्डेलने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. आवाज आणखी खाली आणून त्याने विचारलं, "तिथे लॉबीत तुझे वडील काहीतरी म्हणाले आणि सगळे इतके हसले. काय म्हणाले ते?"

बुद्धभूषण समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"येस, सर," तो म्हणाला. "ते फक्त 'येस, सर' म्हणाले."